जिंकणाऱ्या संघाचा आचारी

हरणाऱ्या संघाच्या चाहत्याला एक सुख असतं. शनिवारी दुपारी तो हरतो, रविवारी चर्चमध्ये देवाला चार शब्द सुनावतो आणि सोमवारी निमूटपणे कामाला लागतो. आमचा संघ त्या वर्षी जिंकत होता, त्यामुळे हे सुख आमच्या नशिबी नव्हतं.

आमचा संघ म्हणजे टार्व्हर स्टेट कॉलेजचा, अमेरिकन फुटबॉलचा. त्याला 'खेचरं' म्हणतात. हे नाव कुणी दिलं आणि का दिलं यावर पिंक्स्टन गावात दोन मतं आहेत; ज्याने संघाचा खेळ पाहिला आहे त्याला तिसऱ्या मताची गरज वाटत नाही. त्या हंगामात खेचरं एकही सामना हरली नव्हती. पण जिंकण्याची एक रीत असते. एका शनिवारी ती एखाद्या बलाढ्य संघाला अशी तुडवायची, की समोरच्यांचा बॅंड वाजवायचा विसरून वाद्यं पुसत बसायचा. आणि पुढच्याच शनिवारी, ज्या कॉलेजचं नाव नकाशावर भिंगाने शोधावं लागतं अशा संघासमोर आमचे गडी चेंडू काखेत मारून स्वतःच्याच माणसाला धडकायचे, पाडायचे, वर त्याची माफी मागायचे. शेवटी कुणाची तरी लाथ चुकून नीट बसायची आणि एका गुणाने आम्ही जिंकायचो. जिंकल्यावर गावावर सुतक. न्हाव्याच्या दुकानात कुणी कुणाचं अभिनंदन करत नसे. लोक आत येत, खुर्चीत बसत आणि आरशातल्या स्वतःला विचारत, की हे असं का.

कारणं सांगणाऱ्यांना तोटा नव्हता. कुणी म्हणे, चेंडू फेकणाऱ्या पोराचं लग्न ठरलंय. कुणी म्हणे, प्रशिक्षकाने तंबाखू सोडली तेव्हापासून त्याला निर्णय सुचत नाहीत. आमच्या पाद्रीबुवांचं मत पडलं, की ही देवाची परीक्षा आहे. पण देव एक शनिवार सोडून परीक्षा का घेतो, ते त्यांनाही सांगता येईना. या सगळ्यात माझं, म्हणजे वेन्डेलचं, नाव कुठेही नव्हतं. ते डॉक्टर स्प्रुइल यांनी आणलं.

इथे आमच्या तंबूबद्दल सांगायला हवं. सामन्याच्या दिवशी स्टेडियमच्या पार्किंगमध्ये सारं गाव तंबू ठोकतं, चुली पेटवतं आणि सामना सुरू होईस्तोवर खातं. आमची जागा ओकच्या झाडाखाली. ती माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे कैलासवासी हॅरॉल्ड यांनी, मिळवलेली. त्यांनीच तंबूची चाल घालून दिली: ज्याच्याशी सामना, त्याला आधी खायचं. बहुतेक संघ कुठल्या ना कुठल्या जनावराचं नाव लावतात. ते जनावर शिजवायचं, सगळ्यांनी एकेक घास घ्यायचा, मग आत जायचं. सासऱ्यांच्या हातात त्या वेळी लाकडी मुठीचा एक लांब काटा असे, मांस उलटायचा. ते गेल्यावर काटा काही वर्षं त्यांच्या मित्राकडे होता. मित्राचं कंबरेचं हाड मोडलं आणि सासूबाईंनी त्या उन्हाळ्यात काटा माझ्या हातात दिला. त्यांच्या सख्ख्या मुलाच्या, म्हणजे माझ्या मेहुण्याच्या, नाही. मेहुण्याचं नाव रॉइस. तो छपरांची कामं घेतो. त्यानंतर दोन महिने तो माझ्याशी बोलत नव्हता असं माझी बायको नॅडीन सांगते. मला फरक जाणवला नव्हता.

या काट्याला आमच्या घरात काय मान आहे, ते बाहेरच्याला कळणार नाही. ज्याच्या हातात काटा, तो विस्तवाजवळ उभा राहतो. बाकीचे त्याला विचारून खुर्च्या मांडतात. मी विमा कंपनीत लोकांच्या नुकसानीची पाहणी करतो. वीस वर्षं मी ज्या ज्या घरी गेलो, तिथे मला पाहून लोकांचे चेहरे पडले. त्या तंबूत मला पाहून लोक ताट पुढे करत. माणसाने याहून जास्त अपेक्षा ठेवू नये.

आता मी व्यवहारी माणूस. रानमांजर नाव लावणाऱ्या संघाशी सामना आला तेव्हा मी कॅटफिश तळला. नावात मांजर आहे, तळ्यात मिळतो, कुणाची तक्रार नाही. अस्वलांच्या आठवड्यात मी दुकानातून अस्वलाच्या आकाराच्या चघळायच्या गोळ्या आणल्या. एका संघाचं नाव चक्रीवादळ होतं. तेव्हा मी अंडी फेटली. माझ्या मते हे कल्पक होतं.

डॉक्टर स्प्रुइल निवृत्त दंतवैद्य. आमच्याच सोसायटीत राहतात. चाळीस वर्षं लोकांच्या तोंडात पाहिल्यामुळे 'मी काय खाल्लं' याबद्दल माणूस जे सांगतो त्यावर त्यांचा विश्वास नाही. एका शनिवारी, आम्ही नुकतेच एका गुणाने जिंकून तोंडं पाडून बसलेलो असताना, त्यांनी शांतपणे मांडणी केली. टर्कीचा संघ आला त्या आठवड्यात आपण खरी टर्की खाल्ली, दणदणीत विजय. रानडुकरांच्या वेळी खरं रानडुक्कर. त्यांचा प्रशिक्षक मैदानातच रडला. कॅटफिशच्या दिवशी एक गुण. गोळ्यांच्या दिवशी एक गुण. अंडी फेटली त्या दिवशी जादा वेळ खेळावा लागला.

सगळ्यांनी आधी डॉक्टरांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"दाजी," रॉइस म्हणाला, "म्हणजे पोरं नीट खेळतायत. तुम्ही शिजवताय वाईट."

मी म्हटलं, की दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही. शिकलेल्या माणसाने असा निष्कर्ष काढू नये. हे मी फार छान मांडलं. त्याने सगळ्यांची खात्री पटली, की दोष माझाच आहे.

पुढचा सामना घरच्या मैदानावरचा शेवटचा, कटलर पॉलिटेक्निकशी. कटलर पॉलिटेक्निकचं जनावर बीव्हर. झाडं कुरतडून ओढ्यावर बांध घालणारा, चपट्या शेपटीचा, मेहनती प्राणी. रॉइसने सुचवलं, की एवढ्या मोठ्या सामन्याला काटा अनुभवी माणसाकडे असावा, आणि आपल्याकडे बोट दाखवायला नको म्हणून आकाशाकडे पाहिलं. सासूबाई मांडीवर सूप घेऊन अक्रोडासारखे पेकान सोलत होत्या. त्या म्हणाल्या:

"जावईबापूंनी शनिवारी खरा बीव्हर आणला, तर काटा त्यांचा. नाही आणला, तर रॉइसचा. आता गप्प बसा दोघं."

रॉइसने शेपटीची अट घातली. पुरावा म्हणून शेपटी दाखवायची. मागे मांजराच्या नावाखाली मासा खाऊ घातलेला असल्यामुळे मला हरकत घेता आली नाही. मी म्हटलं, आणतो. ज्या कामातली अडचण ठाऊक नसते त्याला शिकलेला माणूस ताबडतोब होकार देतो, हे मी स्वतःच्या बाबतीत नेहमी पाहिलं आहे.

सोमवारी मी वन्यजीव खात्याला फोन केला. तिथल्या बाईंनी माझं बोलणं पूर्ण ऐकून घेतलं आणि आमच्या राज्यात बीव्हर धरण्याचा मोसम अजून सुरू झालेला नाही असं सांगितलं. मात्र बीव्हरने तुमच्या जागेत नुकसान केलं असेल, तर त्याला मारायचा खास परवाना मिळतो. म्हणजे मला तीन गोष्टी हव्या होत्या: जागा, नुकसान आणि बीव्हर. यातली जागा होती.

आमच्या सोसायटीचं नाव सायप्रस लेक. तिथे सायप्रसचं झाड नाही, आणि लेक म्हणजे बिल्डरने माती काढली तो खड्डा. पावसाचं पाणी साठून त्याला प्रतिष्ठा आली. त्याच्या काठावर सोसायटीने शोभेची पेअरची झाडं लावली आहेत. माझं घर त्या काठाला लागून. मी अर्ज केला. इतकी वर्षं लोकांचं खोटं नुकसान नाकारल्यामुळे खोटं नुकसान कसं दिसतं याचा माझा अभ्यास दांडगा होता. अर्ज एकदम खरा वाटत होता. बुधवारी पाहणीला अधिकारी पाठवतो, असं उत्तर आलं.

तोवर सल्ल्यांची रांग लागली. समोरच्या घरातल्या गृहस्थांनी सांगितलं, की बीव्हरला वाहत्या पाण्याचा आवाज सहन होत नाही. जिथे पाणी वाहतं तिथे तो बांध घालायला येतोच. मी बागेतली नळी रात्रभर चालू ठेवली. बीव्हर आला नाही. सोसायटीच्या अध्यक्षा क्लॉडेट टिस्डेलबाई आल्या, आणि पाणी वाया घालवल्याबद्दल नोटीस देऊन गेल्या. टिस्डेलबाईंनी याआधी मला टपालपेटीच्या रंगावरून नोटीस दिली होती आणि एकदा नाताळची रोषणाई उशिरा उतरवल्याबद्दल. त्या स्वतःही खेचरांच्या कट्टर चाहत्या. त्यांच्या दारावर बारा महिने खेचराचे कान लटकलेले असतात. त्याला नोटीस नाही.

मंगळवारी संध्याकाळी डॉक्टर स्प्रुइल आपली जुनी बॅग घेऊन माझ्याकडे आले. त्यांचा सिद्धांत शनिवारी सिद्ध होणार होता, आणि तो केवळ एका झाडावाचून अडावा हे त्यांना मानवत नव्हतं. त्यांनी मला दिवा धरायला सांगितलं, पेअरच्या झाडाशी गुडघे टेकले आणि छिन्नी काढली. पुढचं काम मी आदराने पाहत राहिलो. बीव्हरच्या एकेक दाताची खूण वेगळी. मध्ये मध्ये ते मागे सरकून डोळे बारीक करत आणि पुन्हा वाकत. एकदा तर सवयीने त्यांनी झाडाला सांगितलं, की आता थोडं टोचेल.

दुसऱ्या दिवशी अधिकारी आले. हॉलिस नावाचे सज्जन गृहस्थ. त्यांनी झाडाच्या जखमेवर अंगठा फिरवला आणि भुसा हुंगला. मग त्यांनी टोपी काढली. म्हणाले, एवढा स्वच्छ चावा आपण नोकरीत पाहिला नाही. म्हातारा नर आहे. एकटा राहणारा. पुढचा डावा दात जरासा तिरका.

डॉक्टर माझ्या शेजारी, शेजारी म्हणून उभे होते. त्यांचा चेहरा लाल झाला. ते म्हणाले, दात तिरका नाही. हॉलिस म्हणाले, तिरका आहे, हे पाहा. डॉक्टर म्हणाले, दिवा नीट धरला नसेल तर तसा भास होतो. हॉलिसनी विचारलं, कुठला दिवा? मी डॉक्टरांच्या पायावर पाय दिला. मग हॉलिसनी विचारलं, की आपण काय करता. डॉक्टरांना सांगावं लागलं, की ते दंतवैद्य आहेत.

"मग तर आपल्याला दिसायला हवं," हॉलिस म्हणाले.

डॉक्टर झाडाकडे पाहत उभे राहिले. शेवटी ते म्हणाले, की हो, किंचित तिरका आहे. आपल्या हातून झालेल्या कामात दोष असल्याचं त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मान्य केलं, आणि तेही एका सरकारी नोकरासमोर. त्यानंतर ते दोन दिवस जेवले नाहीत असं ऐकतो.

परवाना मात्र मिळाला नाही. हॉलिसनी समजावलं: एक झाड म्हणजे काही नुकसान नव्हे, आणि एवढं म्हातारं, एकटं जनावर वस्तीत येऊन राहिलं आहे, तर ते खात्याला पाहायचं आहे. त्यांनी तळ्याकाठी फलक ठोकला, की बीव्हरला त्रास देऊ नये. जाताना माझा हात हातात घेऊन म्हणाले, "तक्रार तुमची आहे. उद्या त्याला काही झालं, तर कुणाच्या दारात यायचं ते आम्हाला शोधायला नको." हे ते इतक्या सौजन्याने म्हणाले, की मी आभार मानले.

फलक पहिल्यांदा टिस्डेलबाईंनी वाचला. संध्याकाळपर्यंत बीव्हरचं नाव थिओडोर पडलं होतं. रात्री सोसायटीच्या ग्रुपवर त्याचा फोटो आला. मला तो ओंडका वाटला, पण मी बोललो नाही. एकाने त्याची शेपटी पाण्यावर आपटल्याचा आवाज ऐकला. कोपऱ्यातलं जोडपं, जे वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नव्हतं, ते तळ्याकाठी घडीच्या खुर्च्या टाकून शेजारी शेजारी बसू लागलं. लोक सफरचंदं आणून ठेवत. ती सकाळी नाहीशी झालेली असत, कारण हरणं येतात. पण हे सांगण्याची सोय नव्हती. सोसायटीच्या सभांनी जे कधी साधलं नाही, ते एका नसलेल्या जनावराने साधलं. आणि त्या जनावराला ठार मारण्याची परवानगी मागणारा माणूस म्हणून माझं नाव सगळ्यांना ठाऊक झालं होतं. मी कचरा टाकायला बाहेर पडलो, की लोक आपापल्या कुत्र्यांना आत घेत.

गुरुवारी मी नॅडीनला सांगितलं, की सगळं संपलं. शनिवारी काटा रॉइसला द्यायचा. ती टॉवेलांच्या घड्या घालत होती.

"बीव्हर हवाय ना फक्त? शेल्बीला फोन करते."

शेल्बी तिच्या चर्चच्या गायनवृंदात खालच्या पट्टीत गातो. पोटापाण्यासाठी तो नदीपलीकडे, शेजारच्या राज्यात, कागदगिरणीच्या चरांतून बीव्हर काढण्याचं काम करतो. तिकडे मोसम केव्हाच सुरू झाला होता. मी म्हटलं, हे तू सोमवारी का नाही सांगितलंस? ती म्हणाली, की सोमवारी मी वन्यजीव खात्याला विचारत होतो, मंगळवारी डॉक्टरांना; तिला कुणी विचारल्याचं आठवत नाही. तिने पुढचा टॉवेल उचलला.

त्याच संध्याकाळी शेल्बी एक साफ केलेला बीव्हर बर्फात घालून देऊन गेला. शेपटी वेगळी बांधलेली. घेणं काही नाही. उलट एक कमी झाला म्हणून त्यानेच माझे आभार मानले.

नॅडीनच्या सांगण्यावरून मी मांस मिठाच्या पाण्यात भिजवलं, आणि शुक्रवारी पेकानच्या लाकडाच्या धुरावर कांदा-मिऱ्यांत मंद शिजवत ठेवलं. वास छान सुटला आणि कुंपणावरून पलीकडे गेला. थोड्याच वेळात कुंपणावर टिस्डेलबाईंचं डोकं दिसलं. त्यांनी विचारलं, काय शिजतंय? मी म्हटलं, बीफ. हा शब्द माझ्या तोंडून इतक्या सहज निघाला, की मला स्वतःचं नवल वाटलं. त्या म्हणाल्या, थिओडोर कालपासून कुणाला दिसलेला नाही. मी अगदी मनापासून सांगितलं, की मलाही दिसलेला नाही.

शनिवारी आम्ही तंबू ठोकला. माझा बेत साधा होता. बर्फाच्या पेटीत तळाशी शेपटी, वर बर्फ, त्यावर थंड पेयांचे डबे. वाढायच्या वेळी शेपटी काढायची, रॉइससमोर ठेवायची आणि काही बोलायचं नाही. न बोलण्याचा मी घरी सरावही केला होता. भोवती लोक जमले होते. डॉक्टर उपाशी पोटी आले होते. मी काटा घेऊन विस्तवाजवळ उभा राहिलो आणि आयुष्यात फार थोड्या वेळा वाटतं तसं मला वाटलं, की आपण योग्य जागी आहोत.

तेवढ्यात पार्किंगच्या दुसऱ्या टोकाकडून सायप्रस लेक सोसायटी येताना दिसली. पुढे टिस्डेलबाई. प्रत्येकाच्या डोक्याला खेचराचे कान आणि दंडाला काळी फीत. आमच्या वार्षिक सभा माणसं जमत नाहीत म्हणून तहकूब होतात; इथे एकही जण गैरहजर नव्हता. खुर्च्यांवाल्या जोडप्याने हात धरले होते. त्यांना मला सगळ्यांदेखत एक प्रश्न विचारायचा होता.

याच वेळी माझ्या लक्षात आलं, की सासूबाई बर्फाच्या पेटीत संत्र्याचा सोडा शोधत आहेत. त्यांनी डबे बाजूला केले. थांबल्या. थोडा बर्फ बाजूला केला. पुन्हा थांबल्या. मग त्यांनी बर्फ सारखा केला, डबे लावले, झाकण घातलं आणि झाकणावर बसल्या.

"काय दाजी," रॉइस त्याच्या छपरावरून बोलायच्या आवाजात म्हणाला, "आणला का बीव्हर?"

सगळे कान माझ्याकडे वळले, खेचरांचे धरून. माझ्या एका बाजूला काटा होता, जो मी कमावला होता. दुसऱ्या बाजूला ती माणसं होती, ज्यांच्यामध्ये मला मरेपर्यंत राहायचं होतं. आणि त्यांच्यामागे कुठेतरी सौजन्यमूर्ती हॉलिस. नदीपलीकडच्या चराची हकिकत त्या क्षणी सांगितली असती तरी कुणी विश्वास ठेवला नसता. दुसऱ्या कुणी अशी हकिकत सांगितली असती, तर मीच तिच्यावर नामंजूरचा शिक्का मारला असता.

"नाही," मी म्हटलं. "बीफ आहे."

रॉइस हसला नाही. त्याने नुसती मान हलवली, सावकाश, तेरावा घालणाऱ्याला शोभेल अशी. वाचवता न आलेल्या दाढेकडे पाहावं तसं डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. पण टिस्डेलबाईंचं समाधान झालं नव्हतं. त्या म्हणाल्या, उकडतंय, एखादं थंड मिळेल का, आणि पेटीकडे वळल्या.

"गुडघे," सासूबाई म्हणाल्या. "एकदा बसले, की बॅंड वाजेपर्यंत उठवत नाही."

टिस्डेलबाईंनी जरा सरकायला सुचवलं. सासूबाईंनी तितक्याच प्रेमाने सांगितलं, की सरकायचं वय गेलं. मग टिस्डेलबाईंनी ताट मागितलं. मी वाढलं. त्यांनी घास घेतला आणि सगळी सोसायटी त्यांच्या जबड्याकडे बघत राहिली.

"गोडसर लागतंय," त्या म्हणाल्या.

सासूबाईंनी बसल्या जागेवरून हात लांब करून एक तुकडा उचलला आणि चावला. त्या नदीकाठच्या पाणथळीत वाढल्या आहेत. त्यांच्या वडिलांनी हिवाळ्यात घरात काय काय शिजवलं, ते त्या आम्हाला जेवताना सांगत नाहीत.

"बीफच आहे," त्या म्हणाल्या. "आणि चांगलं जमलंय. ताटं आणा."

मग सगळ्यांनी ताटं आणली. काळ्या फितीवाल्यांनी दोनदोनदा घेतलं. जोडप्याने एका ताटात खाल्लं. भांडं पुसून निघालं, आणि थिओडोरच्या आठवणीने डोळ्यांत पाणी आणून टिस्डेलबाईंनी शेवटचा तुकडा संपवला.

त्या दिवशी खेचरं जशी खेळली, तशी मी पुन्हा पाहिली नाहीत. पहिल्या लाथेपासून कुणी कुणाला चुकून धडकलं नाही. ज्याला धडकायचं त्यालाच धडकले. चेंडू फेकणाऱ्या पोराला जणू आपलं लग्न मोडल्याचं कळलं होतं. अर्ध्या खेळात कटलरच्या प्रशिक्षकाने कानावरचं यंत्र काढून ठेवलं आणि आपली माणसं कशी पडतात ते प्रेक्षकासारखा पाहत बसला. जिंकून बाहेर येताना लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. त्या हंगामात पहिल्यांदाच कुणाला काही तक्रार सुचत नव्हती.

आमच्या तंबूत मात्र दुःख होतं. डॉक्टरांचा सिद्धांत मोडला होता. बीव्हर खाल्ला नाही, तरी असा खेळ. ते झाडाच्या मुळावर बसून राहिले. खरं कारण तिथे फक्त तिघांना ठाऊक होतं: मला, नॅडीनला आणि पेटीवर बसलेल्या बाईला. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"बोली ती बोली," त्या म्हणाल्या, आणि मी काटा रॉइसला दिला. मुठीकडची बाजू पुढे करून, रीतीप्रमाणे.

गाडीत पूल आला तेव्हा नॅडीन म्हणाली, की पुढच्या वेळी खुर्च्या कुठे मांडायच्या ते रॉइसला विचारावं लागेल. मी म्हटलं, मला माहीत आहे. रविवारी ग्रुपवर थिओडोरचा नवा फोटो आला, जरा मोठ्या ओंडक्याचा. लोकांनी फिती काढल्या. मला रस्त्यात कुणीतरी नमस्कार केला. इज्जत परत आली होती, पण ती नको तिथली.

पुढच्या शनिवारी विजेतेपदाचा सामना, मेंढ्यांच्या संघाशी. रॉइसने कसलीही कसर ठेवली नाही. अख्खा मेंढा आणला, शिंगांसकट, म्हणजे कुणाला शंका नको. मी पाठीमागे सोसायटीवाल्यांच्या शेजारी बसलो. ते आता दर वेळी आमच्याच तंबूत येणार होते. सगळ्यांनी मेंढा खाल्ला. डॉक्टरांनी पुन्हा आशेने खाल्ला.

सामन्याबद्दल बोलवत नाही. आमच्या लाथ मारणाऱ्याने पहिली लाथ आमच्याच माणसाच्या पाठीत मारली. तिथून खेळ उतरणीला लागला. शेवटी मेंढ्यांची लाथ खांबाला लागून बाहेर गेली, म्हणून आम्ही एका गुणाने विजेते ठरलो. करंडक हातात घेतलेल्या प्रशिक्षकाचा चेहरा पाहून कुणाचं तरी निधन झालंय असं वाटत होतं. तंबूत परतल्यावर सगळे मेंढ्याच्या उरलेल्या डोक्याभोवती बसले. जानेवारीतला शेवटचा मोठा सामना अजून व्हायचा होता.

डॉक्टर स्प्रुइल उभे राहिले. ते म्हणाले, आपण इतके दिवस चुकीचा प्रश्न विचारत होतो. जनावर कुठलं, याला महत्त्व नाही. खरा मेंढा खाल्ला, काय झालं ते पाहिलंत. टर्कीच्या आणि रानडुकरांच्या दिवशीही शेवटच्या भागात आपली पोरं एकमेकांना धडकली होती; या संपूर्ण हंगामात संघ खेळाचे चारही भाग माणसांसारखा खेळला तो एकच दिवस, आणि त्या दिवशी आपण एकच गोष्ट वेगळी खाल्ली होती.

"वेन्डेलचं बीफ," टिस्डेलबाई म्हणाल्या.

सगळे माझ्याकडे वळले. रॉइसने काही म्हणायचा प्रयत्न केला, की बीफ काय, कुणीही करू शकतो. पण समोर मेंढ्याचं डोकं होतं आणि ते त्याच्याकडेच बघत होतं. त्याने काटा टेबलावर ठेवला. सासूबाईंनी तो उचलला, पदर नाही म्हणून एप्रनला पुसला आणि माझ्यासमोर आल्या.

"जावईबापू, त्या दिवशीचं बीफ परत मिळेल?"

मी म्हटलं, मिळेल. जरा लांबून आणावं लागतं, पण मिळेल. मात्र काटा आधी हातात द्या.

त्यांनी दिला. मी विस्तवाजवळ गेलो. विझत आला होता, तरी उभा राहिलो. सासूबाई निखारे पाहायच्या निमित्ताने शेजारी आल्या आणि पुटपुटल्या, "या वेळी दोन आणा. एवढ्या माणसांना एक बैल पुरत नाही."